पाय प्लास्टरमध्ये आणि तिकिटं गुलमर्गची: जायचं की नाही, हे कोणत्या क्रमाने ठरवायचं

मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. हाड बसवणं डॉक्टरांचं काम, त्यानंतर माणसाला पुन्हा चालतं करणं माझं. दर हिवाळ्यात माझ्याकडे दोन-तीन जण असे येतातच, की ज्यांची गुलमर्गची तिकिटं दिवाळीआधी काढलेली असतात, स्कीचं ट्रेनिंग ठरलेलं असतं आणि मधेच कुणी गाडीवरून घसरतं, कुणी जिन्याची शेवटची पायरी चुकतं. पाय स्टुलावर ठेवता ठेवताच पहिला प्रश्न येतो, "मॅडम, जाऊ का नको?"

निर्णय चुकतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. आधी बुडणाऱ्या पैशांचा विचार होतो, मग पोरांच्या हिरमुसल्या तोंडांचा आणि हाडाचा सगळ्यात शेवटी. तोवर मनाने जायचं पक्कं केलेलं असतं, डॉक्टरांकडून फक्त मान डोलवून हवी असते. खाली दिलेला क्रम बरोबर याच्या उलट आहे. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

वाचण्याआधी: गोळी घेऊनही न थांबणारी, वाढतच जाणारी कळ, बोटं हलवली की असह्य दुखणं, बोटं पांढरी, निळी किंवा बधिर होणं, यातलं काहीही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि आत्ता रुग्णालयात जा. प्लास्टरच्या आत सूज कोंडली की स्नायूंचा रक्तपुरवठा काही तासांत तुटू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका.

## टप्पा १: कागद गोळा करा आणि दिवस मोजा

डिस्चार्ज कार्ड, पहिला एक्स-रे, प्लास्टर किंवा ऑपरेशननंतरचा एक्स-रे, पुढच्या तपासणीची तारीख आणि सगळ्या तिकिटांच्या प्रती एका फाइलमध्ये घाला. मग कॅलेंडर घेऊन हाड मोडल्यापासून निघण्याच्या दिवसापर्यंत किती दिवस होतात ते मोजा. "आत्ता तीन आठवडे झालेत" या हिशोबाचा इथे उपयोग नाही.

आता कोणतं हाड मोडलंय ते बघा. पायाच्या बोटाचं हाड साधारण ४ ते ६ आठवड्यांत जुळतं. तळपायाच्या पुढच्या भागातल्या लांब हाडांना ६ ते ८ आठवडे लागतात. घोट्याचं हाड धरायलाच किमान ६ आठवडे जातात आणि चाल सुरळीत व्हायला त्यापुढे काही महिने. नडगीचं किंवा मांडीचं मोठं हाड असेल तर ४ ते ६ महिन्यांची तयारी ठेवा. तंबाखू-सिगारेट चालू असेल तर हाड आणखी उशिरा जुळतं. घरोघरी पायाचं सूप सुरू होतं, ते जरूर प्या, पण त्याने कॅलेंडर पुढे सरकत नाही. आणि मोडलेल्या जागी तेल लावून चोळून घेऊ नका, कुणी कितीही नावाजलेला असला तरी.

फसगत कुठे होते ते उदाहरणाने सांगते. घोटा १० डिसेंबरला मोडला आणि विमान २५ जानेवारीचं. मधले दिवस ४६, म्हणजे साडेसहा आठवडे. प्लास्टर नुकतंच निघालेलं असतं आणि घरात "सुटला एकदाचा!" म्हणून पेढे वाटलेले असतात. तो पाय मी टेबलावर घेते तेव्हा त्वचा कोरडी, खपल्या निघालेली असते. गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या की मोडलेल्या पायाची पोटरी बारीक झालेली दिसते. पाऊल वर उचलायला सांगितलं की घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा अर्ध्यातच अडतो. प्लास्टर असतं तेव्हा माणूस जपून असतो, समोरचाही जपतो. प्लास्टर निघाल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात कुणीच जपत नाही. म्हणून निघायची तारीख या पंधरवड्यात येत असेल, तर पुढचं सगळं दुप्पट कडकपणे तपासा.

तपासा: हाड, मोडल्याची तारीख, निघण्याच्या दिवशी होणारे आठवडे आणि पुढच्या एक्स-रेची तारीख, या चार गोष्टी एका कागदावर लिहिल्या का? पुढचा एक्स-रे सहलीच्या दिवसांतच येत असेल, तर त्यावर गोल करा.

## टप्पा २: एका प्रश्नाचे तीन प्रश्न करा

"जाऊ का?" यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. स्की करू का? तिथवरचा प्रवास झेपेल का? तिथल्या बर्फात चार-पाच दिवस राहता येईल का? लोक तिन्ही एकदम विचारतात आणि एकाला मिळालेला "हो" तिघांना लावतात.

पहिल्याचं उत्तर मी इथेच देते. हाड पूर्ण जुळल्याचं एक्स-रेत दिसत नाही, आणि पायात ताकद व तोल परत आल्याचं तपासून झालेलं नाही, तोवर स्की नाही. नवशिक्यांच्या उतारावर नाही, "फक्त फोटोपुरतं" सुद्धा नाही. स्कीचा बूट कडक कवचाचा असतो आणि घोटा आवळून धरतो, त्यामुळे पडताना सगळा जोर बुटाच्या वरच्या कडेशी, म्हणजे थेट नडगीवर येतो. स्कीची लांब पट्टी बर्फात अडकून फिरली की पायाला पीळ बसतो. पट्टी बुटातून सुटावी म्हणून बाइंडिंग असतं खरं, पण ते वजन, उंची, बुटाची लांबी आणि कौशल्य बघून धडधाकट पायासाठी लावलेलं असतं. शिवाय नवशिका दिवसभरात वीसदा पडतो. शिकण्याची रीतच ती आहे.

याच यादीत स्लेज आणि स्नो स्कूटरही धरा. गुलमर्गला उतरल्या उतरल्या स्लेजवाले भोवती जमतात आणि "बसून तर जायचंय, साहेब" म्हणतात. बसलेल्या माणसाचे पाय पुढे पसरलेले असतात आणि उतारावर सगळे धक्के त्याच पायांना बसतात.

गोंडोलाचं, म्हणजे तिथल्या केबल कारचं, थोडं वेगळं आहे. पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला जातो, दुसरा अफरवाटला जवळजवळ ३,९५० मीटरवर. केबिन फलाटावर पूर्ण थांबत नाही, हळूहळू सरकत असते आणि तेवढ्यात आत चढायचं असतं. कुबड्या असतील तर कर्मचाऱ्यांना आधी सांगून वेग कमी करून घ्यावा लागतो. पहिला टप्पा डॉक्टरांना विचारून ठरवा, दुसरा सोडा. वर हवामान अचानक फिरलं तर मोडक्या पायाने लगबगीने खाली येता येत नाही.

## टप्पा ३: डॉक्टरांकडे प्रवासाचा तक्ता घेऊन जा

तपासणी संपते, पेशंट दारापर्यंत जातो, मागे वळून विचारतो, "डॉक्टर, काश्मीरला जाऊन आलो तर चालेल ना?" बाहेर वीस माणसं खोळंबलेली असतात. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर विमान आणि शिकारा येतो आणि ते म्हणतात, "जपून जा." घरी येऊन तो सांगतो, "डॉक्टरांनी परवानगी दिली." डॉक्टरांनी ज्याला परवानगी दिली तो प्रवास वेगळा आणि हा करणार तो वेगळा.

म्हणून तक्ता लिहून न्या. कोल्हापुरातून किती वाजता निघणार, कशाने, किती तास बसून, किती ठिकाणी वाहन बदलणार, मुक्काम किती उंचीवर, तिथे बर्फ किती, खोली कितव्या मजल्यावर. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, हेही लिहा. तपासणीच्या सुरुवातीलाच कागद पुढे ठेवा आणि विचारा:

१. निघण्याच्या दिवशी या पायावर किती वजन टाकायला परवानगी असेल? अजिबात नाही, नुसता टेकवायचा, अर्धं, की पूर्ण?

२. प्लास्टर किंवा पायाला आधार देणारा बूट असेल की निघालेला असेल? विमानासाठी प्लास्टर उभं कापून द्यावं लागेल का?

३. एवढा वेळ बसून रक्ताची गुठळी होण्याचा धोका मला किती आहे? गोळी किंवा इंजेक्शन लागेल का?

४. हाड सरकण्याची शक्यता अजून आहे का? पुढचा एक्स-रे लांबला तर चालेल का?

५. ऑपरेशन झालं असेल तर टाके कधी निघणार? जखम सुकेपर्यंत थांबावं का?

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबते, कारण तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. पाय न हलवता ठेवला की पोटरीतलं रक्त साकळू शकतं. चार तासांहून लांब प्रवासात सलग बसून राहिल्याने हा धोका आणखी वाढतो. इथून गुलमर्ग म्हणजे रात्रभराची गाडी, मग विमान, मग घाट. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धोका सगळ्यात जास्त. आधी कधी गुठळी झाली असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, वजन जास्त असेल किंवा कर्करोगावर उपचार चालू असतील, तर न विचारता स्वतःहून सांगा. इंजेक्शन कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतील. शेजाऱ्याची रक्त पातळ करायची गोळी घेऊ नका.

सावधान: पोटरी अचानक सुजली, लाल-गरम झाली, दुखू लागली तर ती चोळू नका, लगेच दाखवा. धाप लागली किंवा छातीत कळ आली तर थेट तातडीच्या विभागात जा.

## टप्पा ४: घरच्या घरी रंगीत तालीम

डॉक्टरांनी होकार दिला असेल तरच हा टप्पा करा, आणि त्यांनी घालून दिलेल्या वजनाच्या मर्यादेतच. निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी एक अख्खा दिवस याला द्या. माझ्या मते यातूनच सगळ्यात खरं उत्तर मिळतं.

सकाळी खुर्चीत पाय खाली सोडून एक तास बसा. प्लास्टर असेल तर बोटांकडे बघा. ती फुगतात का, जांभळी पडतात का, अंगठ्याचं नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन-तीन सेकंदांत परत येतो का? मग पाय उशीवर वर ठेवा आणि सूज उतरायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. विमानात आणि गाडीत असा पाय वर ठेवता येणार नाही.

दुपारी गाडीने पन्हाळ्याला जा. कोल्हापूरपासून २० किलोमीटर, शेवटी घाट. पायथ्याचं टंगमर्ग ते गुलमर्ग १३ किलोमीटरचा चढाचा वळणदार रस्ता आहे, त्याची थोडीफार कल्पना इथे येते. मागच्या सीटवर प्रवासात बसणार तसेच बसा, मधे आडवे होऊ नका. वर पोचल्यावर स्वतः उतरा, वॉकर किंवा कुबड्यांवर सपाट जागी दहा मिनिटं चाला, बाहेरचं स्वच्छतागृह वापरा आणि परत या. बरोबरच्यांनी हात द्यायचा नाही, फक्त जवळ राहायचं. घरी आल्यावर वेदना किती, गोळी लागली का, रात्री झोप लागली का, ते लिहा.

एक पेशंट असे जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाले, "मॅडम, पन्हाळ्याच्या पार्किंगमधनं हॉटेलात जाईस्तोवर घाम फुटला. बर्फाचं नाव नको." त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा वेदना आदल्या दिवसापेक्षा वाढलेली असेल तर तालमीत नापास. आणखी एक तालीम करून बघू, असं म्हणू नका.

## टप्पा ५: तिथल्या खोलीचा आणि बर्फाचा हिशोब

हॉटेलला फोन करून नेमके प्रश्न विचारा. "सगळी सोय आहे" हे उत्तर मानू नका. गाडी दारापर्यंत येते की बर्फ पडल्यावर शेवटचे शंभर पावलं चालावं लागतं? खोली तळमजल्यावर मिळेल का? दाराशी पायऱ्या किती? कमोड पाश्चात्त्य पद्धतीचा आहे का, त्याच्या शेजारी धरायला काही आहे का? न्हाणीघराची फरशी कसली? खोलीचा फोटो मागवा, पायऱ्यांचाही मागवा.

कुबडीच्या टोकाचं रबर ओल्या फरशीवर जेमतेम धरतं, गोठलेल्या बर्फावर ते सरळ सरकतं. कुबडीला लावायची बर्फाची टोकदार टोपी मिळते, पण ती हॉटेलच्या फरशीवर पुन्हा घसरते, म्हणून प्रत्येक दाराशी उलटसुलट करावी लागते. मोडलेला पाय उचलून एका पायावर तोल सांभाळणाऱ्या माणसाने तिथे दोन्ही हातही अडकवून घ्यायचे. घसरलात की पहिली प्रतिक्रिया म्हणून तोच पाय जोरात टेकणार. मनगट मोडून परत आलेलेही मी बघितलेत.

साधं प्लास्टर पाण्याने मऊ पडतं. फायबरचं वरून टिकतं, पण आतला कापूस भिजला की सुकत नाही आणि त्वचा सडायला लागते. बर्फ बुटात शिरून वितळतो तेव्हा कळतसुद्धा नाही. प्लास्टरमधून उघडी राहिलेली बोटं थंडीत सगळ्यात आधी बधिर होतात. लोकरी मोजा चढवा, वर पाणी न शिरणारं आवरण घाला आणि दर अर्ध्या तासाने बोटं बघा.

सावधान: बधिर बोटांना शेक देऊ नका. कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी शेगडी), गरम पाण्याची पिशवी, हीटर पायाजवळ नको. भाजतंय हे जाणवत नाही आणि फोड आलेले रात्री दिसतात. मधुमेह असेल तर हे दोनदा वाचा.

पाय दुखावला तर कुठे जायचं हेही आधीच ठरवा. श्रीनगरमध्ये बरझुल्ला भागात हाडांचं सरकारी रुग्णालय आहे. गुलमर्गपासून श्रीनगर साधारण ५० किलोमीटर आहे आणि जोराचा बर्फ पडला की घाट बंद होतो. तेवढा काळ दुखरा पाय घेऊन खोलीत काढावा लागेल.

## टप्पा ६: प्रवासातले सांधे जुळवा

इथवर सगळे होकार असतील तरच पुढे. प्रवास अडतो तो चढ-उताराच्या ठिकाणी. रेल्वेच्या डब्याची पायरी उंच असते, खालचा बर्थ मिळाला तरी शौचालय डब्याच्या टोकाला असतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई गाठून तसंच विमानतळावर जाण्यापेक्षा मधे एक रात्र मुंबईत काढा.

विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा आणि व्हीलचेअर मागा. चढायला शिडी आहे, रॅम्प आहे की पूल, हे प्रत्येक विमानतळासाठी वेगळं विचारा. वैद्यकीय माहितीचा फॉर्म लागतो का तेही विचारा, तो डॉक्टरांनी भरून द्यायचा असतो. प्लास्टर नवं असेल तर दोन तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी २४ तास आणि त्याहून लांबच्यासाठी ४८ तास थांबायचं, असा सर्वसाधारण नियम आहे, कारण सुरुवातीची सूज विमानात वाढली तर तिला प्लास्टरच्या आत जागा मिळत नाही. मांडीपर्यंतचं प्लास्टर असेल तर गुडघा वाकत नाही आणि साध्या सीटवर बसताच येत नाही. आपत्कालीन दाराजवळची पाय मोकळे करायची सीट तुम्हाला मिळणार नाही, ती धडधाकट प्रवाशांसाठी राखलेली असते. आत सळई किंवा प्लेट असेल तर डिस्चार्ज कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, तपासणीत यंत्र वाजू शकतं.

## टप्पा ७: आता पैसे

निर्णय "नाही" असा झाला तर त्याच दिवशी कामाला लागा, उशीर झाला की कापले जाणारे पैसे वाढत जातात.

विमानाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पण "नॉन-रिफंडेबल" तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात, ती मागून घ्या. डॉक्टरांचं पत्र जोडून तारीख बदलून मिळते का तेही विचारा. रेल्वेचं पक्कं तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्या नावावर करता येतं, गाडी सुटण्याच्या २४ तास आधी अर्ज करावा लागतो. स्कीचा कोर्स बुक असेल तर पैसे परत मागण्याआधी पुढच्या बॅचमध्ये नाव घालायची विनंती करा.

प्रवास विमा पाय मोडण्याआधी काढला असेल तर पॉलिसीत सहल रद्द करण्याचं कलम शोधा आणि कंपनीला लगेच कळवा. पत्रात मोडल्याची तारीख, हाडाचं नाव आणि "प्रवासास अयोग्य" हे शब्द असू द्या. पाय मोडल्यावर काढलेला विमा त्या पायासाठी उपयोगाचा नाही. फ्रॅक्चर लपवून काढला तर बाकीचा दावाही अडकतो.

नेहमीची चूक: "पैसे बुडतायत तर जाऊनच येऊ." गेलेले पैसे जाऊनही परत येत नाहीत. तुलना करायचीच तर हाड सरकून होणाऱ्या दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चाशी करा.

## टप्पा ८: घरच्यांसमोर बसून शेवटचं ठरवा

डॉक्टरांचा लेखी होकार, तालमीत पास आणि दाराशी गाडी येणारी तळमजल्यावरची खोली. तिन्ही असतील तर बर्फ बघायला जा, स्की न करता. यातलं एक जरी नसेल तर थांबा. यात तीनपैकी दोन असा हिशोब नाही.

तुम्ही थांबणार असाल तर बाकीच्यांना पाठवायचं का, हा प्रश्न राहतोच. "तुम्ही नाही तर आम्हीपण नाही" असं घरची म्हणतात आणि मग पेशंट त्या भीडेपोटी निघतो. हे मी फार वेळा पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. बाकीच्यांनी जावं. मात्र घरी थांबणाऱ्याजवळ रात्री कुणीतरी हवं, भाऊ, मावशी, कुणीही. उशी, औषधं, पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर हाताशी हवा, वरच्या मजल्यावर झोपणं बंद.

पुढच्या हंगामाचं बुकिंग हाड जुळल्याचा एक्स-रे हातात आल्यावर करा. बर्फावर उतरण्याआधी मी चार गोष्टी बघते: भिंतीकडे तोंड करून गुडघा पुढे नेला तर दोन्ही घोटे सारखेच वाकतात का, मोडलेल्या पायावर तीस सेकंद न डगमगता उभं राहता येतं का, त्याच पायाच्या चवड्यावर सलग वीस-पंचवीस वेळा उठता येतं का आणि त्याच पायावर लंगडी घालताना दुखत नाही ना. चवड्यावर उठण्याचा सराव डॉक्टरांनी पूर्ण वजनाला परवानगी दिली की सुरू करा, आधी स्वयंपाकघरातला ओटा धरून दोन्ही पायांवर, मग हळूहळू एका पायावर.